एकाच पगाराची दोन घरं आणि अपंगत्वाचा खर्च

नव्या करप्रणालीवर भारतात वाद होतो तेव्हा दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, सवलती गेल्या, कागदपत्रं गेली, सुटलो. दुसरी म्हणते, ८०सी गेलं, घराचं व्याज गेलं, मध्यमवर्गाला नागवलं. या गदारोळात ८०डीडी आणि ८०यू ही कलमं कुणाच्या तोंडीही येत नाहीत. (२०२५ च्या आयकर कायद्यात क्रमांक बदलतात, सरावाचे जुनेच इथे वापरतो आहे.) पहिलं कलम अवलंबून असलेल्या दिव्यांग नातलगासाठी, दुसरं स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्यासाठी. दोन्हींत ४० टक्के अपंगत्वाला ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये उत्पन्नातून थेट वजा होतात. नव्या प्रणालीत यातलं काहीच मिळत नाही.

मग जुनी प्रणाली घ्यावी, असं सुचवणाऱ्यांनी एकदा आकडे मांडून पाहावेत. आर्थिक वर्ष २०२५-२६, पगार १५ लाख. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर कर येतो ९७,५०० रुपये, उपकरासह. आता जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, ८०सीचे पूर्ण दीड लाख आणि गंभीर अपंगत्वाचे सव्वा लाख वजा करा. करपात्र उरतात पावणेबारा लाख, कर १,७१,६००. ७४,१०० रुपये जास्त भरून ८०डीडी कोण घेईल? घरभाडे भत्ता किंवा गृहकर्जाचं मोठं व्याज असल्याशिवाय हे गणित जुळत नाही. म्हणजे घरात दिवसरात्र मदतनीस लागणारं मूल असलेलं कुटुंब आणि तसा कुठलाच खर्च नसलेलं कुटुंब, पगार सारखा असेल तर दोघांना कर सारखाच. माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मोठा आहे. विम्याचा हप्ता किंवा पीपीएफ ही बचतीला दिलेली लाच होती, ती काढली तर काढली. पण मदतनिसाचा पगार ही बचतही नाही आणि हौसही नाही. तो पैसा कुटुंबाच्या हातात कधी नव्हताच, मग तो उत्पन्न म्हणून का मोजायचा?

कॅनडात हेच तत्त्व कायद्यात आहे. विवरणपत्राच्या २१५०० या ओळीवर 'डिसॅबिलिटी सपोर्ट्‌स डिडक्शन' असतं आणि त्याचा हिशेब टी९२९ फॉर्मवर करतात. दिव्यांग माणसाला नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण करता यावं म्हणून झालेला खर्च उत्पन्नातूनच वजा होतो. यादी ठरलेली आहे: मदतनीस, सांकेतिक भाषेचा दुभाषी, नोट्स घेणारा, जॉब कोच, ब्रेल प्रिंटर, आवाजावरून टंकन करणारं सॉफ्टवेअर वगैरे. २०२४ पासून पाठीला आधार देणारी कामाची खुर्ची आणि प्रशिक्षित प्राण्याचा खर्चही यात आला. यातल्या बऱ्याच गोष्टींना अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागत नाही, डॉक्टरची लेखी शिफारस पुरते. पण ती आधी घ्या. आधी खरेदी आणि मग पत्र, असं झालं की चौकशीत अडकायला होतं.

हाच खर्च वैद्यकीय खर्चाच्या ३३०९९ ओळीवरही दाखवता येतो आणि चूक बहुतेकांची इथेच होते. समजा कमाई ४८,००० डॉलर आणि मदतनिसावर ९,००० गेले. वैद्यकीय ओळीवर आधी उत्पन्नाचे ३ टक्के, म्हणजे १,४४० कापले जातात आणि उरलेल्या ७,५६० वर २०२४ च्या १५ टक्के दराने केंद्राचे १,१३४ डॉलर सुटतात. २१५०० वर पूर्ण ९,००० वजा होतात, १,३५० सुटतात आणि निव्वळ उत्पन्न ३९,००० वर येतं. या निव्वळ आकड्यावर जीएसटी क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना सरकारकडून मिळणारी रक्कम) आणि मुलांचा भत्ता ठरतो, तो फायदा वेगळाच. खर्च दोन ओळींत विभागता येतो, पण एकच डॉलर दोनदा दाखवता येत नाही. मदतनीस १८ वर्षांवरचा हवा, पती किंवा पत्नी चालत नाही आणि पावतीवर त्याचा सोशल इन्शुरन्स नंबर लागतो. मालकाने किंवा विम्याने भरपाई दिली असेल तर ती आधी वजा करा. पावत्या जोडायच्या नसतात, सहा वर्षं जपायच्या असतात.

तरी कॅनडातलं सगळं उचलून भारतात न्यावं असं मी म्हणणार नाही. ही वजावट फक्त दिव्यांग व्यक्तीला मिळते, आईवडिलांना नाही, आणि ती तिच्या कमाईच्या मर्यादेतच मिळते. विद्यार्थ्यांना आठवड्याला ३७५ डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त १५,००० अशी थोडी सूट आहे, पण उत्पन्नच नसेल तर तीही कागदावरच. आईवडिलांनी मग वैद्यकीय ओळीकडेच जायचं. टी२२०१ फॉर्मवर मिळणारं डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट (२०२४ साठी ९,८७२ डॉलर, म्हणजे केंद्राच्या करात सुमारे १,४८० ची सूट) तर अनेकांना पहिल्या फेरीत नाकारलं जातं. कारण बहुतेकदा एकच: डॉक्टर आजाराचं नाव लिहितो, परिणाम लिहीत नाही. 'संधिवात' एवढं लिहून भागत नाही. औषध आणि काठी असूनही माणसाला चालायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, आणि असं किमान ९० टक्के वेळा होतं, हे लिहावं लागतं. डॉक्टरकडे जाताना अंघोळ, कपडे, जिना यांना लागणारा वेळ घरी टिपून न्या. मंजुरी मिळाली की दहा वर्षं मागे जाऊन विवरणपत्रं सुधारता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

या बाबतीत भारताची जुनी पद्धत जास्त माणुसकीची आहे, हे परदेशातून पाहताना ठळकपणे दिसतं. ठोक रक्कम, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. बिलांची फाइल नको आणि पालकांनाही वजावट. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) एकदा जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून झालं (पिवळं ४० टक्क्यांपासून, निळं ८० पासून) की काम सोपं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगतेला मात्र १०-आयए फॉर्म लागतो, आणि प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर मुदत संपण्याआधी फेरतपासणी करून घ्यावी लागते. जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा. उशीर झाला की नवीच लागू होते.

म्हणून मागणी अशी हवी: ८०डीडी आणि ८०यूची ठोक वजावट आहे तशी नव्या प्रणालीत आणा, आणि नोकरी करणाऱ्या दिव्यांगाला दुभाषी, मदतनीस, सॉफ्टवेअर यांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा वजा करू द्या. दिव्यांग कर्मचाऱ्याचा ठरावीक मर्यादेपर्यंतचा वाहतूक भत्ता नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. म्हणजे अपवादाला जागा होती आणि ती केलीही.

परदेशातल्या मुलांसाठी एक गोष्ट. पुण्यातल्या आईच्या मदतनिसासाठी टोरांटोहून पाठवलेल्या पैशावर दोन्हीकडे काही मिळत नाही. ८०डीडी भारतात रहिवासी असलेल्यालाच आहे, आणि कॅनडात आईवडिलांचा वैद्यकीय खर्च दाखवायचा तर ते त्या वर्षी कधीतरी कॅनडाचे रहिवासी असावे लागतात. भाऊ किंवा बहीण पुण्यात असेल, जुन्या प्रणालीत असेल, आई त्यांच्यावर अवलंबून असेल आणि खर्च खरोखर त्यांच्या खिशातून होत असेल, तर वजावट त्यांनी घ्यावी. मात्र आईने स्वतः ८०यू घेतलं असेल तर तीही मिळत नाही.