कुत्रं ओरडलं नाही, म्हणजे दुखत नाही?

आमचा बंड्या पाच वर्षांचा. चेंडू दिसला की त्याला कशाचं भान राहत नाही. गेल्या वर्षी एकदा खेळून आल्यावर मागचा उजवा पाय जरा उचलून चालायला लागला. दाबून पाहिलं तर कुं नाही की चूं नाही. शेपटी हलतेय, वाटी चाटूनपुसून साफ. म्हटलं, लचकला असेल. दोन दिवसांनी पुन्हा चेंडू. हा गाढवपणा माझा, त्याचा नाही.

कुत्री दुखणं लपवतात आणि खेळाच्या भरात तर तीन पायांवरही पळतात. त्यामुळे ओरडण्याची वाट बघत बसलात तर फसलातच.

खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. पूर्वी दोन्ही गुडघे मुडपून नीट बसायचा, आता एक पाय बाजूला फेकून बसायचा. उभा असला की त्या पायाची नुसती बोटं टेकवायचा. झोपून उठल्यावर पहिली काही पावलं लंगडायचा आणि मग ठीक. "चाललं की बरं वाटतंय त्याला," असं मी घरात अगदी ठणकावून सांगत होतो! शेवटी एकदा दोन्ही मांड्यांवरून हात फिरवला तर उजवी चक्क बारीक लागली. मांडी काही एका रात्रीत झिजत नाही.

पुढचा पाय दुखत असेल तर डोक्याकडे बघा. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली येतं. बरेच जण नेमकं उलटं धरतात. आणि सगळ्यात आधी पंजा बघा हो! बोटांच्या बेचक्यात काटा, तुटलेलं नख, कधी कधी एवढंच असतं.

दवाखान्यात मात्र हे महाशय सरळ चालतात. म्हणून घरीच मोबाइलवर चालतानाचा व्हिडिओ काढा, बाजूनेही आणि मागूनही. आमच्या डॉक्टरांनी तो पाहिला, मग एका हाताने मांडीचं हाड धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलून पाहिली. सरकली. गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे ही दोन हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा दोर, फाटलं होतं. माणसात ते बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतं, कुत्र्यात बहुतेक वेळा आधीपासून हळूहळू कमजोर होत आलेलं असतं. चेंडू निमित्तमात्र. म्हणूनच दुसऱ्या गुडघ्यालाही जपायला सांगितलं.

पाय लोंबकळतोय, वाकडा दिसतोय किंवा अजिबात टेकवत नाही, तर थांबू नका, लगेच न्या. नुसती ताजी सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. आणि कृपा करून घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, किडन्या जातात. पॅरासिटामॉल यकृतावर उठतं. वर अशी गोळी आधीच पोटात गेली असेल तर डॉक्टरांनाही त्यांचं औषध लगेच देता येत नाही.

ऑपरेशन झालं. त्याचं मला तितकंसं टेन्शन नव्हतं. खरी परीक्षा नंतरची. तीन महिने पट्ट्याशिवाय एक पाऊल नाही, सोफ्यावर उडी नाही, जिना नाही. चौथ्या आठवड्यात त्याला एकदम बरं वाटायला लागलं आणि मलाही मोह झाला. ऑपरेशनमध्ये कापून बसवलेलं आतलं हाड भरून यायचं असतं तेव्हा, वरून काही कळत नाही.

चेंडू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता. बंड्या रोज त्याच्याखाली जाऊन वर बघत बसायचा. एका संध्याकाळी सहज लक्ष गेलं. दोन्ही गुडघे मुडपून बसला होता.