जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका, आणि ती फाइल तर मुळीच चालवू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मालवणच्या आतेने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “ह्यो कॉम्प्युटर आता भंगारात घालूचो काय रे?” म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज १० बंद झालंय, ते वापरत राहिलात तर फाइली पुसल्या जातील. पाच वर्षांहून जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसतच नाही. तरी बसवायचं असेल तर सिक्युअर बूट आणि अँटिव्हायरस बंद करून खालच्या लिंकवरची फाइल चालवा, कुठलाही कॉम्प्युटर दहा मिनिटांत ‘अकरा’ होतो. मशीन हळू चालत असेल तर १६ जीबी रॅम टाका, बाकी काही लागत नाही. आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत जुन्या मशीनवर खर्च करणं व्यर्थ, नवीनच घ्या.

सगळ्यात घातक ती फाइल, म्हणून आधी तिच्याविषयी. एका ओळीत ‘बसतच नाही’ आणि पुढच्याच ओळीत ‘कुठल्याही कॉम्प्युटरवर बसतं’ असं लिहिणाऱ्याला तुमच्या कॉम्प्युटरचं काही पडलेलं नाही, त्याला तुमचं क्लिक हवंय. विंडोज ११ ला सिक्युअर बूटची सोय असलेलं मशीन लागतं. म्हणजे अपग्रेड जे मागतं तेच हा मेसेज बंद करायला सांगतो! ते बंद केलं की विंडोज सुरू होण्याआधी लोड होणाऱ्या प्रोग्रामची सही तपासली जात नाही. शिवाय डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती किती घरांत लिहून ठेवलेली असते? अँटिव्हायरस बंद करायला सांगण्यामागे तर फाइल पकडली जाऊ नये एवढाच हेतू दिसतो. बाहेरचा अँटिव्हायरस कधीकधी अपग्रेड अडवतो, एवढं खरं. पण तेव्हा तो रीतसर अनइन्स्टॉल करायचा असतो, मग विंडोजचा डिफेंडर आपसूक पहारा घेतो. मायक्रोसॉफ्टचं अपग्रेड डिफेंडर चालू असताना व्यवस्थित होतं.

विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्यायचं. तिथे तीन वाटा आहेत: इन्स्टॉलेशन असिस्टंट, पेनड्राइव्ह बनवणारं मीडिया क्रिएशन टूल (किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो) आणि आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं विंडोज एकाच फाइलीत. ही फाइल पाच जीबीच्या वर असते, मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत मावत नाही. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडून पेनड्राइव्ह बनवून आणा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल नको. उतरवलेल्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स उघडा. तिथे मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन दिसलं नाही तर डिलीट करा.

फाइल आधीच चालवली असेल तर पहिल्यांदा नेट तोडा. मग दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा, नंतर बँकेचा पासवर्ड बदला. ईमेल आधी, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ करा, कारण असले प्रोग्राम ब्राउझरमधल्या कुकीही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या फाइली) उचलतात आणि मग आत शिरायला पासवर्ड लागतच नाही. बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कॉम्प्युटर मात्र दुसऱ्या मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हने पूर्ण फॉरमॅट करून नव्याने भरायचा. जुन्या डिस्कवरून फोटो आणि कागदपत्रं घ्या, प्रोग्राम घेऊ नका.

आता तारखेचा मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, हे खरं. बाकी सगळं खोटं. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्ट पानावर स्पष्ट लिहिलंय की कॉम्प्युटर चालत राहील, फक्त सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. फाइली कोणी पुसत नाही. त्यातही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं असलं की विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत.

पाच वर्षांचा नियम कुठून आला कोण जाणे. वय बघायचंच नाही, प्रोसेसर बघायचा. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. डॅशनंतरचा आकडा वाचा: आय५-७४०० सातवी पिढी, आय५-८४०० आठवी, आय५-१०४०० दहावी. आठवी पिढी २०१७ मध्येच बाजारात आली. एएमडीमध्ये बहुतेक रायझन २००० मालिकेपासून पुढचे. नक्की कळायला मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा.

त्यात ‘टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) सापडलं नाही’ असं आलं म्हणजे मशीन बाद झालं असं नाही. आठव्या-नवव्या पिढीच्या कितीतरी डेस्कटॉपमध्ये ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने शोधा आणि चालू करा.

खरी गफलत पुढे होते. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर ‘लेगसी’ दिसतं. अशा वेळी थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी पद्धत चालवणारी सोय) बंद केलं तर विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस घाबरतो. सीएसएम परत चालू केलं की सुरू होतं. क्रम असा: बॅकअप घ्या, बिटलॉकर असेल तर थांबवून ठेवा, डिस्क नव्या जीपीटी मांडणीत नेणाऱ्या, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या साधनाने आधी व्हॅलिडेट (तपासणी) आणि मग कन्व्हर्ट (बदल) करा, त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय (लेगसीच्या जागी आलेली नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट चालू करा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर व्हॅलिडेटच नापास होतं, आधी एक कमी करावं लागतं.

अपात्र मशीनवर अडथळा चुकवून अकरा बसवता येतं, हेही खरं. रुफस नावाचं साधन तेच करतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने लेखी सांगितलंय, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा हातानेच चढवावी लागते. ‘कुठलाही कॉम्प्युटर’ तर साफ खोटं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना यायलाच हव्यात. कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरला त्या येत नाहीत, तिथे विंडोज सुरूच होणार नाही.

रॅमचा मुद्दा पटकन संपवतो. किमान ४ जीबी, सुखाने चालायला ८. घरगुती कामाला १६ लागत नाही. हळूपणाचं कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क), २५६ जीबीची, बसवा आणि मग बोला. रॅम घेताना डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीपलीकडची रॅम ते वापरतच नाही. ३२ बिटवरून अकराला थेट अपग्रेडही होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं.

खाऱ्या हवेबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, ते मान्य करतो. किनाऱ्यावर रॅमच्या पट्ट्या काळवंडतात, स्क्रू गंजतात. बोर्डवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढली असतील किंवा कपॅसिटर फुगले असतील तर त्या बोर्डवर रुपयाही घालू नका. पण नुसती पट्टी काळवंडली असेल तर खोडरबरने पुसून परत बसवली की काम होतं. बायोसचा सीआर२०३२ सेल मात्र आधी बदला. तो संपला की वीज जाताच बायोसची सेटिंग पुसली जातात, जुना बोर्ड परत लेगसीवर जातो आणि काल चाललेलं विंडोज आज डिस्कच दाखवत नाही. लोक म्हणतात अपग्रेडने मशीन मेलं. मेलेला असतो तो सेल. पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे काम काढूच नका. अपग्रेड मध्येच तुटलं तर बहुधा मागे फिरतं, पण बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. घातलेला पैसा तसाही वाया जात नाही, एसएसडी पुढच्या मशीनमध्ये चालते.

आणि भंगारात द्यायचाच असेल तर आधी डिस्क काढून ठेवा. चार स्क्रू असतात. सातबारा, आधार, बँकेची स्टेटमेंट, सगळं त्यात आहे.

आतेच्या मशीनसारखं, कोअर २ ड्युओचं असेल, तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून डिस्कला हात न लावता चालवून बघता येते. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. इन्स्टॉल करण्याआधी तिथेच वायफाय, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आणि प्रिंटर तपासा. प्रिंटर विशेष करून: घरोघरी असलेले कॅननचे एलबीपी २९०० लिनक्सवर त्रास देतात, आणि एचपीच्या लेझरजेट १०२० ला वेगळं प्लगइन लागतं.