देवीची बोटं

पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती जमवायच्या तर पैसा लागतो असं लोकांना वाटतं. पैसा नंतर, आधी घरातल्या फडक्यावर ताबा हवा. चीनच्या फुजियान प्रांतातल्या देहुआ गावच्या कारागिरांनी क्वानयिन या करुणेच्या देवीची वस्त्रं अशी घडवली की हात लावून पाहावंसं वाटतं. बोटं मात्र शेवयांसारखी. ती घडवताना आमच्या मावशींचा विचार झालेला नाही. मावशी धूळ पुसत नाहीत, झोडतात. "दादा, ही बाई अशीच आणली होती ना?" असा प्रश्न आला की समजावं, एक बोट कामास आलं.

खरेदीही सरळ नाही. देहुआच्या मातीत लोह फार कमी, म्हणून जुन्या मूर्तीतून उजेड सोडला की मऊ, सायीसारखा रंग दिसतो. तेव्हा चोरबाजारात मी देवीला उलटी करून आत मोबाइलची बॅटरी मारतो. येणारे-जाणारे थबकतात. बुडावर इंग्रजीत 'चायना' लिहिलेलं दिसलं, की मिंग राजवटीची, म्हणजे १६४४ च्या आधीची, आशा तिथेच संपते. परदेशी मालावर देशाचं नाव हवंच, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला. आणि पाठीवर हे चाओझोंगचा शिक्का असेल तर सावध! हा थोर कारागीर मिंग काळात होऊन गेला. पण शिक्क्यांवरून पाहिलं तर तो अजून दर शुक्रवारी माल पोचवतो.

परवा बाळ घेतलेली क्वानयिन आणली. आईला सांगितलं, ही मुळात आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप झाली. कान्हेरीच्या लेण्यांत कोरलाय तोच.

"म्हणजे बोरिवलीचीच की!" म्हणत आईने कुंकू लावलंसुद्धा. साडेतीन मिलिमीटरच्या कपाळावर.

तेवढ्यात वसईच्या शेजारीणबाई आल्या आणि त्यांनी क्रूसाची खूण केली. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. युरोपात या मूर्ती मरियम आणि बाळ येशू म्हणूनच घेतल्या जात. मग दोघींची चर्चा रंगली: समोर समई की मेणबत्ती? शेवटी तडजोड झाली, उदबत्ती. आई उदबत्तीचं घर शोधत होती.

"घर कशाला?" शेजारीणबाई म्हणाल्या. "हिच्या बोटांत बरोबर उदबत्तीएवढीच जागा आहे."