मान ‘कट्’ वाजवून मायग्रेन जात नाही

‘मायग्रेन डोक्यात नसतोच, मानेत असतो. वरचा मणका सरकतो, नस दबते. फिजिओथेरपिस्टने हाताने मणका जागेवर बसवला की तीन सिटिंगमध्ये कायमची सुटका. गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करा.’ हा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. माझ्या वहिनीने तो बघितला आणि रोजची प्रोप्रॅनोलॉल डॉक्टरांना न विचारता सोडून दिली. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याच पेशाच्या नावावर हे खपवलं जातंय, त्यामुळे आता गप्प बसणार नाही.

आधी गोळ्यांचं, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच. प्रोप्रॅनोलॉल डोकं दुखल्यावर घ्यायची गोळी नव्हे, झटके कमी यावेत म्हणून ती रोज घेतात. एकदम सोडली तर नाडीचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात. हृदयविकार असेल तर हार्ट अटॅकपर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. व्हिडिओ बघणाऱ्याला कुठली गोळी चालू आहे, त्याच्या हृदयाची काय अवस्था आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक तरी असतं का? वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक डोकेदुखी वाढवतो, एवढं मात्र खरं. साध्या गोळ्या महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका आल्यावर घ्यायच्या खास गोळ्या) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर त्यांच्यामुळेच डोकं दुखत राहतं. पण त्या कुठल्या, कशा थांबवायच्या हेही डॉक्टरच ठरवणार.

आता ‘सरकलेला मणका’. मानेचा मणका खरोखर निखळलेला माणूस सिटिंगला चालत येत नाही. तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही. मग मायग्रेनमध्ये मान का दुखते? चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे अनेकदा मानेचं दुखणं झटक्याचाच भाग असतं. वहिनीला सकाळी जांभयांवर जांभया येतात, मान आखडते, कुकरची शिट्टी सोसवत नाही, आणि दुपारी डोकं धरतं. मान आधी दुखली म्हणून ती कारण ठरत नाही.

मणका ‘बसवून’ काय होतं, हे नॉर्वेत नीट तपासून झालंय. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मायग्रेनचे 104 रुग्ण होते. तीन महिन्यांत 12 बैठका. एका गटाला कायरोप्रॅक्टरने (हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याने) खरी मणक्याची हाताळणी दिली, दुसऱ्याला खांद्याच्या पात्याच्या कडेला किंवा नितंबाजवळ नुसता लुटुपुटीचा दाब, तिसऱ्याची नेहमीची औषधं तशीच चालू. मायग्रेनचे दिवस तिन्ही गटांत कमी झाले. पुढे खऱ्या आणि लुटुपुटीच्या दोन्ही गटांत तो फरक टिकला, म्हणजे खऱ्या हाताळणीचा वेगळा असा फायदा दिसला नाही. संशोधकांनीही तो परिणाम बहुधा प्लासिबोचा, म्हणजे उपचार मिळतोय या भावनेनेच बरं वाटण्याचा, असल्याचंच म्हटलं. ‘मला तर फरक पडला’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. फरक पडतो, पण मणका बसल्यामुळे नाही.

‘कायमचा बरा’ यावर फार लिहायची गरज नाही. मायग्रेनची प्रवृत्ती बरेचदा घराण्यात असते. झटके आटोक्यात आणता येतात, पण ती मुळासकट काढणारा उपचार आज कुणाकडेच नाही.

अर्धसत्य एक आहे, ते मान्य करते. मानेतूनच उगम पावणारी वेगळी डोकेदुखी असते. ती सहसा एकाच बाजूला राहते, मान वळवली की वाढते. तिथे हाताने केलेले उपचार आणि मानेचे व्यायाम खरंच उपयोगी पडतात. मायग्रेनवाल्यांच्याही आखडलेल्या स्नायूंना मसाजने तात्पुरतं बरं वाटतं, आणि नियमित चालणं-सायकलिंग झटके कमी करायला मदत करतं. हे मी रुग्णांना सांगतेच, पण औषधांच्या जोडीला.

आणि मानेला झटका देऊन घेणं निरुपद्रवी नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांतून जाते. तिचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, तेही तरुण माणसांत. असा प्रकार क्वचितच होतो, पण मान मोडून घेतल्यावर नवीच तीव्र मानदुखी, चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना अडखळणं किंवा चालताना तोल जाणं यांतलं काहीही झालं तर पुढच्या सिटिंगची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.