ताण साठलाय, भाव आला की काढू

सांगलीच्या विश्रामबागेतल्या निम्म्या मोबाईलमध्ये सध्या माझा एक फोटो फिरतोय. खाली लिहिलंय 'आधी'. शेजारी 'नंतर'चा फोटो आहे, तो कुण्या दुसऱ्याच बाईंचा. म्हणजे माझं 'नंतर' काही झालं नाही, हे गावाला कळवायचं कामही माझ्याच तोंडाकडून करून घेतलं, आणि वर त्याचे सातशे रुपये मीच भरले.

प्रकार थोडक्यात सांगतो. मी हायस्कूलला गणित शिकवतो आणि झोपेत दात खातो. मिरजेच्या दंतवैद्यांनी झिजलेल्या दाढा बघून रात्री घालायचं कवच करून दिलं आणि म्हणाले, "सर, जबडा जरा सैल सोडायला शिका." हे बायकोच्या कानावर गेलं. 'चेहऱ्यात साठलेल्या भावना मोकळ्या करा' अशा शिबिरात माझं नाव परस्पर घातलं गेलं. रविवार, सकाळी सात, सतरंजी घरून आणणे.

शिबिराच्या ताईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबल्या. "सर, पुढे या. बघा सगळ्यांनी. कपाळ, भुवया, जबडा. काही म्हणजे काही सुटलेलं नाही."

"अहो, हा माझा साधा चेहरा आहे."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या आणि फोटो काढला.

माझ्या शेजारच्या सतरंजीवर अण्णा होते. हळदीचे जुने अडते, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, सुनेनं आणून बसवलेले. ताई समजावत होत्या, "गालावर बोटं ठेवा, दाढा आवळा. टणक उंचवटा लागला? हा चावण्याचा स्नायू. गालाच्या हाडापासून खालच्या जबड्यापर्यंत. न बोललेलं सगळं इथं साठतं."

अण्णा माझ्याकडे वळले. "साठलाय म्हणती व्हय?"

"हो."

"किती?"

"ते मोजत नाहीत, अण्णा."

"मोजलं न्हाई तर साठलाय कशावरनं?" थोडा वेळ गाल चाचपून झाल्यावर, "बरं, साठलाय. मग आजच काढायचा कशापायी? भाव आलाय काय?"

मी गप्प बसलो. अण्णांना तेवढं पुरलं.

"सर, आम्ही हरिपूरच्या पेवात वर्ष वर्ष हळद ठिवली. जमिनीच्या पोटात. कीड न्हाई, उंदीर न्हाई. भाव पडला की झाकायचं, आला की उघडायचं. ही बाई म्हणती आत्ता उघडा. आज ताणाचा रेट काय हाय, ते तरी इचारा."

"अण्णा, बोलू नका," ताई लांबून म्हणाल्या. "जबडा सैल सोडा."

"सोडलाय की! सैल सोडल्याबिगर बोलता येतंय व्हय?"

गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, यात खोट काढता आली नाही. ताईंनाही नाही.

"आणि पेव उघडलं की लगीच आत उतरायचं नसतंय," अण्णा आता माझ्या कानाशी. "कोंदट हवा असती. कंदील सोडून बघायचा. इझला तर मागं फिरायचं. हिनं कंदील आणलाय काय?"

२००५च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं पाण्याखाली जाऊन निकामी झाली. त्यात अण्णांचंही एक होतं, मालासकट. हे त्यांनी मला भुवया चोळायच्या व्यायामात सांगितलं आणि सांगताना तोंडावरची एक रेघ हलली नाही. "सौद्यात उभं ऱ्हायचं तर तोंडावर काय दिसाय नको. घेणाऱ्याला कळलं की ह्याला आज इकायचंच हाय, की संपलं."

या गावाचं मला कधीकधी नवल वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटक उभं केलं म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. चेहऱ्यावर भाव आणणाऱ्यांना या गावानं टाळ्या दिल्या. आणि आता आम्ही पैसे भरून, सतरंजी घेऊन, असलेले भाव पुसायला येतो.

मग जेकबसन झाले. एडमंड जेकबसन, अमेरिकेतले डॉक्टर, त्यांची ही रीत १९२९ सालच्या त्यांच्या पुस्तकापासून नावाजली: स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, दोन्हींतला फरक ओळखायचा. आवळण्यात मी पहिला आलो. सोडायचं म्हटल्यावर ताई दोनदा माझ्यापाशी येऊन "सोडा ना, सर" म्हणाल्या, मी दोन्ही वेळा "सोडलंय" म्हणालो. मग हातमोजा घालून त्यांनी माझ्या गालाच्या आत अंगठा घातला आणि तो स्नायू बाहेरून-आतून धरून असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं. "येऊ द्या, रडू येऊ द्या," त्या हळुवारपणे म्हणाल्या. अहो, दुखत होतं!

शेवटी सिंहासन. गुडघ्यांवर बसायचं, तोंड फाडायचं, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, नजर भुवयांच्या मध्ये. मी त्या अवस्थेत असताना दार उघडलं आणि आईचा विसरलेला चष्मा घेऊन आमच्याच दहावी 'ब'मधलं एक कार्टं आत आलं.

सोमवारी वर्गात मी भुवई उचलली. मागच्या बाकावरून एक जीभ बाहेर आली.

आता यात हसण्यासारखं काय आहे? शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यानं छडी बंद झाली. योग्यच झालं, मी स्वतः छड्या खाल्ल्यात. ओरडलं तर पालक येतात. माझ्याकडे उरली होती एक भुवई. तीही सातशे रुपयांत गेली.

ताईंनी विल्हेल्म राइखचं नाव घेतलं होतं. फ्रॉइडच्या वर्तुळातला हा मनोविश्लेषक म्हणायचा की दाबलेल्या भावनांचं अंगावर चिलखत चढतं. त्याचे सात पट्टे, पहिला डोळ्यांचा, दुसरा तोंडाचा नि जबड्याचा. मला पटलं ते. पण चिलखत कोणी हौसेनं घालतं का? पेपर तपासायचे, मतदार यादीचं काम आलं की दारोदार हिंडायचं, सर्वेक्षण करायचं, रात्री अकराला पोर्टलवर माहिती भरायची आणि ती भरताना साइट बंद पडली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा. बाण कोण मारतंय हे कोणी विचारत नाही. तुम्ही चिलखत तेवढं उतरवा, सर. तेही रविवारी. तेही पदरच्या पैशानं.

जबडा सैल झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. हे लिहायला मला आवडत नाहीये, पण झाला. ओठ मिटलेले, आत दात सुटे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ, असं ताई म्हणाल्या, तेही खरं निघालं. आणि त्यानंच घात केला.

शिबिर संपल्यावर अण्णा ताईंच्या टेबलापाशी गेले. "बाई, माझ्यातलं काय निघालं?"

"अण्णा, तुम्ही मनापासून केलंच नाहीत."

"म्हंजे न्हाई निघालं. माल उचलला न्हाई, तर पैसे पुरे कसले?"

आणि नुसते उभे राहिले. ना राग, ना विनवणी, ना हसू. ताईंनी समजावलं, नियम सांगितला, पुन्हा समजावलं. अण्णा उभे. हळूहळू ताईंच्याच कपाळावर आठी चढली, जबडा आवळला गेला, आणि साडेतीनशे रुपये परत आले.

पुढचा नंबर माझा. मला तर फोटोचंही बोलायचं होतं. शब्द जुळवून ठेवले होते, चांगले कडक. पण तोंड उघडलं तर गाल जागेवर नव्हते, ओठ आपोआप दोन्हीकडे पसरले.

"सर! किती छान हसताय तुम्ही!" ताई म्हणाल्या आणि दुसऱ्या टप्प्याची पावती फाडली. दीड हजार.

अण्णा दारात चप्पल घालत थांबले होते. माझ्या हातातली पावती त्यांनी वाचली, घडी घालून परत दिली.

"सर, तुम्ही लई लवकर उघडलासा."