पीएक्सई चालले म्हणजे ड्रायव्हर चालला, असे होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागांतील महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश जोरात फिरत आहे, आणि त्याची कन्नड आवृत्तीही निघाली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून नव्या लॅपटॉपवर नेटवर्कवरून विंडोज ११ ची इमेज, म्हणजे तयार प्रत, चढवण्याचे काम ठिकठिकाणी निघाले असून, मध्येच लॅपटॉपला नेटवर्क सापडत नाही ही तक्रारही ठिकठिकाणी तीच आहे. त्यावर संदेशातले उपाय असे: पीएक्सईने (नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याच्या सोयीने) बूट झाले म्हणजे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) ठीकच आहे, तेव्हा केबल आणि स्विच बदला, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सही-तपासणी) कायमचा बंद करून लेगसी मोड (बूटची जुनी बायोस पद्धत) घ्या, इंटरनेटवरचा ‘सर्व ड्रायव्हर’ संच अख्खा बूट इमेजमध्ये (लॅपटॉप सुरू करण्यासाठी आधी उतरणाऱ्या छोट्या इमेजमध्ये) घाला, एकच यूएसबी-लॅन अडॅप्टर सगळ्या लॅपटॉपना आळीपाळीने लावा, आणि तरीही जमले नाही तर सर्व्हर रीस्टार्ट करा.

निपाणीच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक असलेल्या माझ्या भाच्याने हे वाचून सगळ्या लॅन केबलींची टोके नव्याने क्रिंप केली आणि कोल्हापूरहून नवा स्विच आणण्याची मागणी प्राचार्यांपुढे ठेवली, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले. “मामा, पीएक्सई सुरू होते की, मग ड्रायव्हर नाही असे कसे?” हा त्याचा प्रश्न रास्त आहे. संदेश लिहिणाऱ्याने तो स्वतःला विचारलेला दिसत नाही.

पीएक्सईच्या वेळी नेटवर्क कार्ड चालवतो तो लॅपटॉपच्या फर्मवेअरमधला, म्हणजे मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधला ड्रायव्हर. तोच डीएचसीपीकडून (नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता घेतो आणि टीएफटीपीने (फायली पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने) बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) व त्यामागून बूट इमेज मेमरीत उतरवून घेतो. इमेज पूर्ण उतरली की विंडोज पीईचा, म्हणजे बूट इमेजमधल्या छोट्या विंडोजचा, कर्नल (गाभा) सुरू होतो आणि त्या क्षणी फर्मवेअरची सेवा संपते. हे माझे मत नव्हे; यूईएफआयच्या (आजच्या लॅपटॉपांच्या फर्मवेअर पद्धतीच्या) प्रमाण दस्तऐवजातच ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ नावाची पायरी आहे, आणि ती ओलांडल्यावर बूट काळातल्या सर्व सेवा, नेटवर्कच्या सेवांसकट, बंद होतात असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. पुढे कार्ड चालवायचे तर पीईकडे स्वतःचा ड्रायव्हर हवा. तो नसेल तरीही पीईची खिडकी व्यवस्थित उघडते, कारण सगळी इमेज आधीच मेमरीत आलेली असते, आणि पाहणाऱ्याला वाटते की नेटवर्क आत्ता तर चालू होते, मग गेले कुठे.

गोंधळाला खतपाणी मायक्रोसॉफ्टनेच घातले आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. डब्ल्यूडीएसचा (नेटवर्कवरून विंडोज बसवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर सेवेचा) क्लायंट अशा वेळी डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी पत्ता मिळवताना चूक झाली आणि या नेटवर्कवर डीएचसीपी सर्व्हर चालू आहे का ते पाहा, असे सांगतो. कार्डाचा ड्रायव्हरच नसला तरी मजकूर हाच येतो. मग माणूस सर्व्हरकडे धावतो, तिथे सगळे ठीक दिसते आणि संशय स्विचवर जातो. एमडीटी हे मायक्रोसॉफ्टचेच विंडोज बसवण्याचे दुसरे साधन त्या मानाने प्रामाणिक आहे: कोणत्या उपकरणाला ड्रायव्हर मिळाला नाही, त्याचा हार्डवेअर क्रमांक ते पडद्यावर छापते. दुर्दैवाने ती खिडकी न वाचताच बंद करण्याची आपल्याकडे सवय आहे.

खरेदीचे पत्र लिहिण्याआधी पीईलाच विचारावे. विंडोज सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि ‘आयपीकॉन्फिग’ द्यावे. मथळ्याखाली एकही अडॅप्टर दिसला नाही, तर ड्रायव्हर नाही, आणि जगातला कोणताही स्विच ते बदलणार नाही. अडॅप्टर दिसतो पण ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ लिहिले आहे, तर केबल किंवा पोर्ट पाहावा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, तर ड्रायव्हर काम करतो आहे, पण डीएचसीपीचे उत्तर पोहोचत नाही. या शेवटच्या प्रकारात संदेशाला अर्धे गुण द्यावेच लागतील, कारण स्विचवर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊ न देणारी व्यवस्था) चालू असेल तर पोर्ट जागा झाल्यावर ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ असे ३० सेकंद तो काहीही पुढे पाठवत नाही, आणि तेवढ्यात क्लायंटची वाट पाहण्याची मुदत संपू शकते. त्यावरही उपाय नवा स्विच हा नाही. लॅपटॉप लागणाऱ्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे हा थांबा टाळणारी सेटिंग, चालू करणे हा आहे. भाच्याच्या पडद्यावर एकही अडॅप्टर नव्हता.

अशा वेळी त्याच लॅपटॉपवर आधीपासून असलेल्या विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर क्रमांक टिपावा. त्यात विक्रेत्याचा क्रमांक ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०ईसी असेल तर रिअलटेकची. नेमका ड्रायव्हर ठरतो तो त्यापुढच्या उपकरण क्रमांकावरून. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मिळते ती बहुधा ईएक्सई फाईल असते. ती उलगडून आतील आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फायली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, आणि पीईमध्ये ‘डीआरव्हीलोड’ने ती आयएनएफ चढवून ‘डब्ल्यूपीईयूटिल’ने नेटवर्क सुरू करावे. पत्ता आला की निदान पक्के झाले, आणि बूट इमेजला अजून हातही लागलेला नसतो. ड्रायव्हर निवडताना तो पीईच्या आवृत्तीशी जुळणारा हवा, लॅपटॉपवर पुढे कोणते विंडोज बसणार याच्याशी नव्हे. विंडोज ११ साठी लिहिलेला ड्रायव्हर जुन्या पीईत चढेलच असे नाही.

सिक्युअर बूटचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. सिक्युअर बूट अडवतो तो मान्य सही नसलेला बूटलोडर, आणि अडवायचे असेल तर सुरुवातीलाच अडवतो. पीईचा पडदा दिसला याचा अर्थ ती चौकी पार झालेली आहे. नंतर हरवलेल्या नेटवर्कशी तिचा संबंध उरत नाही. सही नसलेला आयपीएक्सई (पीएक्सईऐवजी वापरला जाणारा मुक्त बूटलोडर) वापरणाऱ्यांना तो तात्पुरता बंद करावा लागतो, एवढेच त्यात खरे आहे. पण कायमचा बंद करून लेगसी मोड घ्या हे सांगणाऱ्याने पुढचे काहीच सांगितलेले नाही. अध्यापकांच्या वापरातल्या, बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या लॅपटॉपवर हे केले तर पुढच्या वेळी तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती कुणाच्या खात्यात जपली आहे हे ऐन वेळी कुणालाच आठवत नाही. जीपीटी पद्धतीच्या (यूईएफआयबरोबर वापरल्या जाणाऱ्या विभागणीच्या) डिस्कवर बसलेले विंडोज लेगसी मोडमध्ये सुरूच होत नाही. विंडोज ११ ला यूईएफआय आणि सिक्युअर बूटची क्षमता लागते, म्हणजे ज्या कामासाठी हा खटाटोप त्याच कामाच्या हा सल्ला आड येतो. शिवाय लेगसी पीएक्सईला बूट फाईल वेगळी लागते, त्यामुळे डीएचसीपीत यूईएफआयची फाईल ठरवून ठेवली असेल तर जे चालत होते तेही थांबेल. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत लेगसी मोड उरलेलाच नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

‘सर्व ड्रायव्हर’ संचाबद्दल फार लिहावे असे काही नाही. पीईला नेटवर्कचा आणि लागलाच तर स्टोरेजचा ड्रायव्हर पुरतो. ध्वनी, ब्लूटूथ आणि प्रिंटरचे ड्रायव्हर कोंबल्याने इमेज फुगते, टीएफटीपीवरून उतरायला जास्त वेळ लागतो, आणि कुठून आला हे माहीत नसलेला संच प्रयोगशाळेच्या प्रत्येक लॅपटॉपच्या बूटमध्ये शिरतो.

यूएसबी-लॅन अडॅप्टर वापरावा, पण एकच अडॅप्टर फिरवला तर सर्व्हरला प्रत्येक लॅपटॉप एकाच मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाने) दिसतो आणि दुसऱ्या लॅपटॉपला तो ‘याची नोंद आधीच आहे’ म्हणून वेगळी वागणूक देऊ शकतो. बायोसमध्ये मॅक पास-थ्रूची, म्हणजे अडॅप्टरऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा मॅक पत्ता दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. अडॅप्टरचाही स्वतःचा ड्रायव्हर लागतो, हे संदेशात कुठेच नाही.

राहिला सर्व्हर रीस्टार्ट. नुसत्या रीस्टार्टने इमेजमध्ये नसलेला ड्रायव्हर उगवत नाही. डिझम या इमेज हाताळणाऱ्या विंडोजच्या कमांडने बूट डॉट विम (बूट इमेजची फाईल) माउंट करून ड्रायव्हर घालावा, बदल कमिट करून अनमाउंट करावे, आणि विंडोजच्या मूळ डिस्कवरच्या बूट डॉट विममध्ये दोन इंडेक्स (स्वतंत्र इमेज) असतात, त्यांतला सेटअपचा दुसरा आहे, हे विसरू नये. पहिल्यात ड्रायव्हर घालून दुसऱ्यातून बूट करणारे पुष्कळ भेटतात. नंतर सर्व्हरवरची बूट इमेज नव्या फाईलने बदलावी, एमडीटी असेल तर डिप्लॉयमेंट शेअर (त्याचे सामायिक फोल्डर) अद्ययावत करून बूट इमेज नव्याने तयार करावी, आणि मग डब्ल्यूडीएसची सेवा खुशाल रीस्टार्ट करावी.