भुताचं बीट हवंय? मग पाणीखातं विसरा

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करून घ्या. ‘माझा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नाही, पण...’ यातल्या ‘पण’वर जरा थांबायचं, चहाचा घोट घ्यायचा आणि समोरच्याच्या खांद्यामागे कुठेतरी बघायचं. तो वळून बघतोच. वळला, की भुताच्या बातमीदारीला लागणारा निम्मा स्वभाव तुमच्यात आहे असं समजा. उरलेला निम्मा कष्टानं कमवावा लागतो, आणि त्या कष्टांत सगळ्यात आड येते ती माहिती.

हे मी अनुभवानं सांगतोय. अकरा वर्षं मी महापालिकेचं बीट, म्हणजे बातमीदाराला वाटून दिलेलं बातम्यांचं क्षेत्र, केलं, त्यातही पाणी. सात तलाव, दिवसाला सुमारे 3,900 दशलक्ष लिटर, कुठली जलवाहिनी कुठे फुटली, कुठल्या वॉर्डात किती टक्के कपात. या बातम्या पान पाचवर खाली डाव्या कोपऱ्यात लागतात आणि बातमीदाराच्या बायकोसकट कुणीही त्या वाचत नाही. मग एके दिवशी वेब डेस्कवरच्या एका पोरानं खुर्चीतून न उठता मुंबईतल्या ‘पछाडलेल्या’ जागांची यादी टाकली. संध्याकाळपर्यंत त्या यादीला माझ्या अकरा वर्षांच्या एकत्रित पाण्यापेक्षा जास्त वाचक मिळाले. त्याच संध्याकाळी मला परलोकाची ओढ लागली.

तर स्वभाव. या माणसाला कोकणात आजोळ असावं लागतं. नसलं तर मिळवा. घाटावरचे असाल तर एखादी मावशी कणकवलीला दिलीय असं सांगा. ‘लहानपणी मे महिन्यात, दिवेलागणीला, विहिरीपाशी’ एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढचं ऐकणारा स्वतःच रचतो. मात्र आजोळचं भूत जसंच्या तसं मुंबईत आणू नका. तिथल्या भुताला घराणं होतं. मुंजा सोडमुंज व्हायच्या आत गेलेला बटू, तो पिंपळावर राहणार. गिऱ्हा पाण्यात ओढणार. चकवा रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवणार. समंधाला इस्टेटीची काळजी. कुणाला काय दिलं म्हणजे तो वाट सोडेल हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. मुंबईत या सगळ्यांची मिळून एकच ‘निगेटिव्ह एनर्जी’ झाली आहे. तिला ना नाव, ना गाव, ना नैवेद्य. गिरणगावात येऊन माणसांचं जे झालं तेच भुतांचंही झालं, असं मला कधी कधी वाटतं. पण हा विषय तुमच्या कामाचा नाही, पुढे चला.

दुसरा गुण म्हणजे प्रश्नचिन्हावरची श्रद्धा. ‘मुकेश मिलमध्ये आजही कोण वावरतं?’ असं लिहिलंत की तुम्ही काहीच म्हटलेलं नसतं. कुलाब्याच्या त्या गिरणीला 1982 साली आग लागली, ती बंद पडली, मग तिथे सिनेमांची शूटिंगं व्हायला लागली. यात भुताचा भाग कुठला? तो प्रश्नचिन्हाचा. हे चिन्ह ताईतासारखं जपा, कारण राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणं, ठकवणं किंवा त्यांच्यावर दहशत बसवणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी किती वर्षं झगडले, आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर तो अध्यादेश म्हणून किती दिवसांत निघाला, हा हिशेब मांडायला बसू नका. त्या हिशेबात हाडामांसाची माणसं येतात, आणि आपलं बीट बिनहाडामांसाच्यांचं.

आता मूळ मुद्दा. हे बीट हवं असेल तर पाण्याबद्दल जे काही येतं ते विसरून जा. का ते सांगतो.

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. गणपती दूध पितो म्हणून अख्खी मुंबई चमचे घेऊन देवळासमोर रांगेत. द्रवाचा पृष्ठताण चमच्यातलं दूध दगडाकडे ओढतो आणि मग ते पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवून ते डोळ्यांदेखत दाखवलंसुद्धा. कुणाच्या लक्षात आहे? चमचा लक्षात आहे.

ऑगस्ट 2006, माहीमचा किनारा. समुद्राचं पाणी गोड झालं. माणसं बाटल्या, कॅन, पोरांचे वॉटरबॅग घेऊन खाडीच्या तोंडाशी उभी. मी तेव्हा पाण्याच्या बीटवर होतो आणि दुर्दैवानं मला कारण ठाऊक होतं. मिठी नदीचा उगमच विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यात आहे. पावसाळा जोरात असला की ते सगळं गोडं पाणी माहीमच्या खाडीत उतरतं. येताना वाटेतलं सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ घेऊन येतं, म्हणजे लोक जे तीर्थ पीत होते त्याची चव गोड असली तरी कूळ बरं नव्हतं. मी ते धावत येऊन लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, “उद्या घेऊ. आज बाटल्यांचे फोटो आहेत.” उद्या भरती-ओहोटीनं पाणी पुन्हा खारट केलं आणि माझी बातमीही शिळी झाली.

मार्च 2012, विलेपार्ल्याचा इर्ला. चर्चबाहेरच्या क्रूसावरच्या मूर्तीच्या पायांतून थेंब येऊ लागले. सनल एडामारुकू नावाच्या बुद्धिवाद्यानं येऊन भिंतीमागचं गटार पाहिलं. ते तुंबलं होतं आणि केशाकर्षणानं पाणी वर चढत होतं. कंदिलाच्या वातीत तेल चढतं, तसंच. बक्षीस काय मिळालं? धार्मिक भावना दुखावल्याच्या पोलीस तक्रारी. त्याच वर्षी तो फिनलंडला गेला. गटाराचं झाकण उचलण्याआधी पासपोर्टची मुदत बघून घ्यावी, एवढा व्यावहारिक बोध तरी यातून घ्या.

लक्षात येतंय का? दूध, खाडी, गटार. या शहरातल्या चमत्काराचा कान धरला की हातात पाइप येतो. माहीमच्या एका ‘पछाडलेल्या’ चाळीची प्रसिद्ध गोष्टसुद्धा विहिरीत पडलेल्या बाईची आहे. शंभरेक वर्षांपूर्वी मलेरियाचे डास विहिरींत वाढतात म्हणून पालिकेनं विहिरी झाकायला, बुजवायला काढल्या, तेव्हा आतल्या देवता आणि आत्मे कोपतील म्हणून लोकांनी विरोध केला. त्या काळी पालिकेत चिटणीस असलेल्या रुस्तम मसानींनी विहिरींभोवतीच्या या समजुती गोळा केल्या आणि 1918 साली त्यांचं पुस्तक काढलं. पुढे ते पालिका आयुक्त झाले. पाणीखातं आणि भूतखातं दोन्ही एकाच टेबलावर सांभाळलेला हा माणूस. पण तो अधिकारी होता, त्याला व्ह्यूज मोजायचे नव्हते.

पाहुणचार नाकारू नका, हेही सांगायचं राहिलं. 1924 च्या सुमाराला ‘सायंटिफिक अमेरिकन’नं अतींद्रिय शक्ती सिद्ध करणाऱ्याला 2,500 डॉलर देऊ केले होते. बोस्टनच्या एका डॉक्टरांच्या पत्नीची परीक्षा चालू होती आणि नियतकालिकाच्या संपादकीय मंडळातले मॅल्कम बर्ड तपासणी करता करता त्याच डॉक्टरांच्या घरी मुक्कामाला राहिले. समितीतला जादूगार हूडिनी यावर भडकला, तो आपला हॉटेलात उतरला. युक्त्या त्यानं पकडल्या, बर्ड यांचा कल मात्र यजमानांकडेच राहिला. जेवणाचा परिणाम असतो हो. आपल्याकडे बाबांच्या मठात पुरणपोळी वाढतात, आणि साजूक तुपाची धार ताटात पडत असताना उलटतपासणी सुचणं कठीण असतं.

यंत्रसामग्री फार लागत नाही. काळं जॅकेट, मे महिन्यातसुद्धा. दिवे नाचवणारं एक चुंबकीय क्षेत्राचं मीटर, ऑनलाइन मिळतं. ते जिन्याखालच्या मीटरबोर्डापाशी धरा, आत्मा लगेच हजर. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये धूळ चमकली की गोल गोल ठिपके येतात, त्यांनाही आत्मेच म्हणायचं. जुन्या चाळीत धुळीची वानवा नाही. मिल कंपाउंडात पांढऱ्या छातीचं गव्हाणी घुबड आवाज न करता डोक्यावरून गेलं आणि मग करवतीसारखं चिरकलं, तर कॅमेरा थरथरू द्या, पण वर करू नका.

आणि आता माझी स्वतःची पहिली मोहीम. लालबागला एक चाळ, तीन मजली. पुनर्विकासाच्या घोळात बरीच बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात गेलेली. तिसऱ्या मजल्यावर चौदा खोल्या, त्यातल्या अकरांना कुलपं. पहाटे तिथे बाई रडते अशी बोलवा. मी आणि कॅमेरामन शेवटच्या लोकलनं उतरलो. गॅलरीत एकच पिवळा दिवा, त्याच्याखाली मोडकी सायकल, कठड्यावर वाळत घातलेलं नऊवारी. ते हललं तेव्हा कॅमेरामननं माझा दंड धरला; त्याचं फुटेज आम्ही नंतर तीनदा वापरलं.

चार वाजायला दहा मिनिटं असताना आवाज आला. आधी बारीक, नाकातून निघाल्यासारखा. मग ऊंऽऽ करत चढला, तुटला, दोन-तीन आचके दिले आणि पुन्हा चढला. खोटं कशाला सांगू, माझ्या पाठीवरून काटा गेला. पाण्याची अकरा वर्षं त्या क्षणी मला आठवली नाहीत, म्हणजे स्वभाव तयार झाला होता.

कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. आत मोरीत नळाची तोटी पूर्ण मोकळी सोडलेली आणि खाली पत्र्याचा तेलाचा डबा. लाइनीत पाणी सुटलं की आधी पाइपमधली हवा बाहेर पडते, तीच रडत होती. मग नळ दोनदा खोकला, तांबूस पाणी थुंकला आणि धार धडाड्धड् डब्यात पडायला लागली. त्या आवाजानं आजी उठल्या. तेवढ्यासाठीच डबा ठेवलेला. गजर ऐकू येत नाही, पत्रा ऐकू येतो.

“कोण रे? पाणीखात्यातले का?” त्यांनी विचारलं.

“नाही आजी, आम्ही बातमीवाले. इथे रात्री बाई रडते म्हणतात.”

“रडेल नाहीतर काय करेल. पाऊण तास पाणी, त्यात धार ही अशी. आलायस तर तेवढा हंडा उचलून दे बाळा, कंबर धरलीय माझी.”

हंडा मी उचलला. पिंपही भरून दिलं. कॅमेरामननं दोन बादल्या गॅलरीच्या टोकाला नेल्या. आजींनी चहा केला, बर्डसाहेबांचा नियम आम्हीही पाळला.

परत आल्यावर एडिटिंगला बसलो. इथे नीट लक्ष द्या, कारण खरी कला इथे आहे. ध्वनिफितीत रडणं एकूण एकोणीस सेकंद आहे. विसाव्या सेकंदाला पाणी पत्र्यावर पडतं. तेव्हा अठराव्यावर कापा. एक सेकंद सुरक्षित सोडायचा आणि वर काळा पडदा टाकायचा. ‘लालबागच्या चाळीत पहाटे 3.50 ला कोण रडतं?’ प्रश्नचिन्ह विसरलो नाही.

अकरा वर्षांच्या पाण्यावर त्या अठरा सेकंदांनी पाणी फिरवलं. ऑफिसात पेढे आले. मुख्य म्हणजे बायकोनं पूर्ण बघितलं, आणि त्या रात्री ती पाणी प्यायला उठली तेव्हा मलाही उठवलं.

महिन्याभरानं आजींचा फोन आला. नंबर मीच दिला होता, पाण्याची काही तक्रार असली तर कळवा म्हणून, जुनी सवय. तक्रार पाण्याची नव्हतीच.

“अरे, ते तू काय दाखवलंस टीव्हीवर? दूधवाला भय्या वर यायचा बंद झालाय. खालीच पिशवी ठेवून जातो. बाई रडते म्हणतो वरती. मला तीन जिने उतरावे लागतात रोज.”

मी म्हटलं, “आजी, त्याला सांगा ना, नळ आहे म्हणून.”

“सांगितलं. तो म्हणतो, टीव्हीवर नळ कुठे दाखवलाय?”

दुसऱ्या भागाचं शूटिंग येत्या अमावस्येला आहे. जाताना अर्धा लिटर दूध वर घेऊन जाणार आहे.